बाजार पडतोय, माझ्या पैशांचं काय करू? : वाचकांचे प्रश्न

हे प्रश्न एप्रिल २०२५ मधले आहेत. त्या महिन्यात पत्रं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आली आणि बहुतेक सगळी ७ एप्रिलनंतरची होती. त्या सोमवारी अमेरिकेच्या टॅरिफच्या, म्हणजे आयात शुल्काच्या, धक्क्याने सेन्सेक्स एका दिवसात २,२०० हून जास्त अंकांनी खाली बंद झाला आणि ज्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये हाच सेन्सेक्स ८६ हजारांच्या उंबरठ्यावर बघितला होता त्यांच्या पोटात गोळा आला. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांत बरंच भरून निघालं, पण भीती गेलेली नव्हती. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून ज्यात बऱ्याच जणांना आपलाच प्रश्न दिसेल अशी पाच पत्रं घेतलीयेत.

प्रश्न : मी ३३ वर्षांचा, चिंचवडला राहतो, आयटीत आहे. जानेवारी २०२४ पासून दरमहा २०,००० ची एसआयपी (दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम), सगळी स्मॉलकॅप म्हणजे छोट्या कंपन्यांच्या फंडात. आतापर्यंत ३,२०,००० भरले, आज २,८३,००० दिसतायत. रोज सकाळी अ‍ॅप उघडलं की लाल. दोन वर्षांत रावेतला फ्लॅट बुक करायचाय, डाउन पेमेंट ८ लाख लागेल. कंपनीत लोक कमी करण्याची चर्चा आहे. वेगळी २ लाखांची एफडी आहे. एसआयपी बंद करू का?

तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकात एक अडकल्यात, त्या आधी सोडवू. नुसतं बाजार पडला म्हणून एसआयपी बंद करायची असेल तर माझं उत्तर नाही असं आहे, कारण एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, १०० असताना ५,००० मध्ये ५० युनिट मिळतात आणि तीच ७५ वर आली की ६६ च्या वर मिळतात, म्हणजे स्वस्त मिळायला लागल्यावर आपण दुकानातून बाहेर पडतोय असं होतं. मी स्वतः ऑक्टोबर २००८ मध्ये हेच केलं होतं. जानेवारीत २१ हजारांवर असलेला सेन्सेक्स ८ हजारांच्याही खाली गेला तेव्हा माझी ३,००० ची एसआयपी मी बंद केली आणि परत सुरू करायचं धाडस यायला मला चौदा महिने लागले, तोपर्यंत बाजार दुपटीच्या वर गेलेला. ते स्वस्तातले युनिट माझ्याकडे कधी आलेच नाहीत आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

पण तुमचा खरा घोटाळा दुसरीकडे आहे. दोन वर्षांत लागणारा पैसा स्मॉलकॅपमध्ये असूच नये. सप्टेंबर २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंत छोट्या कंपन्यांचे निर्देशांक जवळपास पाव भाग घसरले, आणि ही काही जगावेगळी गोष्ट नाही, स्मॉलकॅप असेच वागतात. पंधरा वर्षांनी लागणाऱ्या पैशाला हे सोसतं, बिल्डरला द्यायच्या चेकला सोसत नाही.

म्हणून मी असं करेन. एफडीतले २ लाख नोकरीसाठी राखीव, त्यांना फ्लॅटच्या हिशेबात धरूच नका. चर्चा खरी निघाली तर घरभाडं आणि किराणा त्यातून भागणारे, आणि सहा महिन्यांचा खर्च त्यात बसत नसेल तर आधी ती एफडी वाढवा, बाकी सगळं नंतर. मग २० हजारांतले १५ हजार बँकेच्या आरडीत, ५ हजारांची एसआयपी चालू ठेवा. आत्ता आहेत ते २,८३,००० तसेच राहू द्या, ते लांबच्या खात्यातले समजा. १५ हजारांची आरडी तीन वर्षं चालवली तर व्याज धरून ६ लाखांच्या आसपास जमतात, वर्षाचा बोनस त्यात टाकलात तर ८ लाख दिसायला लागतात. म्हणजे फ्लॅट दोनऐवजी तीन वर्षांनी. मला माहितीये हे ऐकायला आवडणार नाही, पण दोन वर्षांत स्मॉलकॅप तुम्हाला ८ लाख करून देईल या आशेवर बुकिंगची तारीख ठरवू नका, कळकळीने सांगते.

प्रश्न : मी चिपळूणचा, वय ६३, माध्यमिक शाळेतून निवृत्त. पेन्शन आहे पण थोडी, घरखर्चाला महिन्याला १० हजार कमी पडतात. हातात २२ लाख आहेत, सगळे एका सहकारी बँकेत एफडीला. मुलगा म्हणतो व्याजदर उतरणार, सगळे इक्विटी फंडात टाका, लाँग टर्ममध्ये बाजार वर जातोच. काय करावं?

सर, व्याजदराबद्दल मुलगा बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये आणि परत एप्रिलमध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, पाव-पाव टक्क्याने उतरवला, एप्रिलमध्ये तो ६ टक्क्यांवर आला आणि बँका त्याच्या मागोमाग जातात. पण उपाय त्याने चुकीचा सांगितलाय.

आधी सगळ्यात तातडीचं. २२ लाख एकाच बँकेत ठेवू नका, मग ती बँक कितीही ओळखीची असो आणि मॅनेजर तुमचा विद्यार्थी असो. ठेवींना विमा असतो तो एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. २०२० च्या आधी तर तो फक्त १ लाख होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असं सांगितलं होतं, शाखांबाहेर उभी राहिलेली म्हातारी माणसं टीव्हीवर तुम्हीही बघितली असतील. एफडी मोडताना दंड किती लागतो ते विचारा, मुदत जवळ आलेली आधी हलवा.

मग पोस्टात किंवा मोठ्या बँकेत जाऊन सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीमचं खातं काढा. एप्रिल २०२५ मध्ये त्यावर ८.२ टक्के व्याज होतं, पाच वर्षांसाठी दर ठरून जातो, कमाल ३० लाख टाकता येतात. त्या दराने तुम्ही १५ लाख टाकलेत तर वर्षाला १,२३,००० म्हणजे दर तिमाहीला ३०,७५० रुपये खात्यात येतील, तुमचे महिन्याचे १० हजार भागले. वर्षाचं व्याज एक लाखाच्या वर जातंय म्हणून टीडीएस, म्हणजे टॅक्स आधीच, कापला जाईल, तुमच्यावर एकूण टॅक्स बसत नसेल तर तो कापू नये म्हणून असलेला फॉर्म (२०२५ मध्ये पंधरा एच) एप्रिलमध्येच भरून द्या आणि पोचपावती जपून ठेवा. वर्ष व्हायच्या आत खातं मोडलं तर मिळालेलं व्याज परत वळतं करतात, नंतर मोडलं तर एक-दीड टक्का कापतात, म्हणून सगळेच्या सगळे यात नको. ४ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत साधी एफडी, दवाखान्यासाठी, आणि ती जोडीने काढा म्हणजे वेळेला दोघांपैकी कुणीही मोडू शकेल.

राहिले ३ लाख. हे मुलाच्या म्हणण्याप्रमाणे इक्विटीत, पण इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडात) जाऊ देत, पण एकदम नको, वर्षभरात दरमहा २५ हजार असे, आणि सात-आठ वर्षं त्यांच्याकडे बघायचं नाही.

आणि ‘बाजार वर जातोच’ याबद्दल मुलाला माझा निरोप द्या. जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या डिसेंबर अखेरीला ३८,९१५ वर होता, ती पातळी त्याने परत ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं. आपल्याकडे असंच होईल असं मी अजिबात म्हणत नाही, आपल्याकडे २००८ ची पडझड २०१० च्या दिवाळीपर्यंत भरून निघाली आणि मार्च २०२० ची तर त्याच नोव्हेंबरपर्यंत. पण ज्याला दर महिन्याला त्याच पैशातून किराणा आणायचाय त्याला दोन वर्षंही फार लांब असतात, कारण पडलेल्या भावात दर महिन्याला युनिट विकावे लागतात आणि विकलेले युनिट बाजार वर आल्यावर परत येत नाहीत. पस्तिशीतल्या मुलाला हे जाणवत नाही, त्याचा पगार चालू असतो.

प्रश्न : आम्ही जळगावचे. सोनं लाखावर गेलं, शेअर पडले. शेअर विकून सोनं घेऊ का? घरात सगळे हेच म्हणतायत.

जळगावात राहून सोन्याला नाही म्हणायचं म्हणजे अवघडच! सोनं ठेवाच, पण किती ते आधी ठरवा. मी एकूण पैशांच्या दहा टक्क्यांच्या आसपास म्हणते. समजा तुम्ही १० लाखांत ६ इक्विटी, ३ एफडी-पीपीएफ आणि १ सोनं असं ठरवलं होतं, आज सोनं वाढून दीड लाख झालं आणि इक्विटी साडेपाचवर आली. हिशेब सांगतो की सोन्यातलं थोडं काढून इक्विटीत टाका, आणि तुम्ही नेमकं उलटं करायला निघालायत. २०१२ मध्ये ज्यांनी ३१ हजारांच्या आसपास तोळा घेतला होता त्यांना २०१८ पर्यंत जवळपास तोच भाव बघायला लागला, तेव्हाही सगळे म्हणत होते सोनं कधी पडत नाही.

आणि दागिना म्हणजे गुंतवणूक धरू नका. घडणावळ, तीन टक्के जीएसटी आणि मोडताना घट, हे सगळं वजा करून बघा. लग्नासाठी हवं असेल तर दागिना घ्या, खुशाल घ्या, गुंतवणुकीला गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा सोन्याचा फंड, बरं. सरकारी सुवर्णरोख्यांचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०२४ नंतर नवीन निघालेले नाहीत, जुने शेअर बाजारात मिळतात पण कधीकधी सोन्याच्या भावापेक्षा महाग असतात, बघून घ्या.

प्रश्न : मी इचलकरंजीची. नवरा टेलिग्रामवरच्या ग्रुपच्या टिप्सवर ऑप्शन करतो, आधी ४० हजार मिळाले, आता ३ लाख गेले. म्हणतो बाजार हलतोय तेव्हाच कमाई होते. गावाकडच्या जागेवर कर्ज काढायचं म्हणतोय. कसं समजावू?

ताई, कर्जाच्या कागदावर सही करू नका, तुमची लागणार असेल तर. हे पहिलं.

सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०२४ मध्ये आकडे काढले होते, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफअँडओ (फ्युचर्स-ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते, खर्च धरून माणशी सरासरी २ लाखांच्या आसपास गेले, सगळ्यांचे मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. मिस्टरांना हे ओरडून सांगू नका, तोटा झालेला माणूस आधीच आतून खचलेला असतो, ब्रोकरचं वर्षभराचं प्रॉफिट अँड लॉस स्टेटमेंट डाउनलोड करून दोघं मिळून वाचा. बऱ्याच जणांनी ते कधी उघडलेलंच नसतं, कारण रोजचा स्क्रीन त्या दिवसापुरतंच सांगतो.

ग्रुप चालवणाऱ्याला त्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचारा. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा आयएनएचने सुरू होतो, सल्लागाराचा आयएनएने, आणि तो सेबीच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. पैसे कुणाच्या खात्यात किंवा वेगळ्याच अ‍ॅपवर भरले असतील तर आजच्या आज १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जितका उशीर तितके पैसे मिळायची शक्यता कमी.

प्रश्न : मी मडगावला असते. हे गेल्या डिसेंबरात गेले. पैशांचं सगळं तेच बघायचे. कपाटात फाइल सापडली, १७ म्युच्युअल फंड आहेत. बाजार असा, मला यातलं काही कळत नाही, सगळं विकून एफडी करावी का? सोबत कागद पाठवलेत.

ताई, तुमचे कागद मी जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. प्रत्येक पानावर तुमच्या मिस्टरांनी पेन्सिलने तारीख आणि त्या दिवशीची किंमत लिहून ठेवलीये, बारीक अक्षरात, शेवटची नोंद नोव्हेंबरची. मी लाल पेन घेऊन प्रत्येक फंडातल्या पहिल्या दहा कंपन्यांना गोल करत गेले आणि एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स ही तीन नावं १७ पैकी ११ पानांवर आली. म्हणजे नावं सतरा असली तरी माल बराचसा एकच आहे आणि तुम्हाला सतरा गोष्टी शिकायच्या नाहीयेत, तीन-चार फंड राहिले तरी काही बिघडणार नाही.

पण आज काहीच विकू नका, विकताही येणार नाही. आधी युनिट तुमच्या नावावर करून घ्यायचे. मृत्यू प्रमाणपत्राच्या प्रती काढून ठेवा, तुमचं केवायसी पूर्ण करा, रद्द केलेला चेक लागेल. बारा फंडांत तुमचं नॉमिनेशन दिसतंय, ते सोपे जातील, पाचांत कुणाचंच नाहीये, तिथे वारसाचे जास्तीचे कागद मागतील. फाइलमध्ये नसलेला एखादा जुना फंड असू शकतो, तो शोधायला सेबीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मित्र’ नावाची ऑनलाइन सोय आणलीये, तिथे त्यांचा पॅन टाकून बघा.

नावावर झाले की खरेदीची तारीख आणि किंमत त्यांचीच धरली जाते, म्हणून ती पेन्सिलची पानं फेकू नका. एका आर्थिक वर्षात इक्विटीवरचा दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, त्याच्या वर साडेबारा टक्के. म्हणून एकसारख्या फंडांपैकी काही मार्चच्या आत आणि काही १ एप्रिलनंतर विकले की दोन वर्षांची सूट मिळते. त्यातून आधी दोन वर्षांचा घरखर्च एफडीत, तेवढं झालं की बाजार काय करतोय ते रोज बघायची तुम्हाला गरज पडणार नाही.

ज्या पाच फंडांत नॉमिनी नाही त्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहून तुमच्या मूळ कागदांसोबत परत पाठवतेय, सुरुवात तिथूनच करा. आणि कुणी घरी येऊन इथे सही करा, सगळं मी बघतो म्हणाला तर मुलीला बोलवल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.