दोन गुणांनी हुकलेली पात्रता आणि आजारपणाची कागदपत्रे

प्रश्न : माझ्या मुलीचे दहावीपर्यंतचे शिक्षण इंदूरला सीबीएसईच्या शाळेत झाले. यजमानांची बदली झाल्याने आम्ही चिंचवडला आलो आणि अकरावीला तिने राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेत प्रवेश घेतला. बारावीच्या ऑगस्टमध्ये तिला फुफ्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान झाले. सहा महिन्यांचे उपचार संपले आणि लगेच परीक्षा आली. दहावीला 91 टक्के मिळवणाऱ्या मुलीला भौतिकशास्त्रात 41, रसायनशास्त्रात 48 आणि गणितात 44 गुण पडले. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत 83 पर्सेंटाइल आहेत. आम्ही खुल्या प्रवर्गातील आहोत. अभियांत्रिकीच्या अर्जासोबत आजारपणाची कागदपत्रे आणि विनंतीपत्र जोडल्यास विचार होईल का, की क्षयरोगाचा उल्लेखच टाळावा?
– एक आई, चिंचवड

उत्तर : विनंतीपत्राचा उपयोग होणार नाही, हे आधीच सांगणे बरे. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे 'कॅप'मध्ये, गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के परीक्षार्थी मागे राहिले या आकड्यावर, लागते. गुण का कमी पडले, हे लिहायला अर्जात जागा नाही आणि ते वाचून क्रमांक बदलण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही. आपल्यासारख्या पालकांना हे कठोर वाटणार, पण कारणांना गुण मिळू लागले तर खोट्या वैद्यकीय दाखल्यांचा बाजार भरायला वेळ लागणार नाही.

मात्र याच नियमाची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. यादीतील क्रमांक मुख्यतः सीईटीवर ठरत असल्यामुळे बारावीचे कमी गुण तिला फारसे मागे ढकलत नाहीत. तिची अडचण पात्रतेची आहे. अभियांत्रिकीसाठी खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला या तीन विषयांत मिळून किमान 45 टक्के, म्हणजे 300 पैकी 135 गुण लागतात, आणि आपल्या मुलीचे 133 होतात. दोन गुण मिळवायचे आहेत, हे एकदा मनाशी पक्के केले की पुढची धावपळ पुष्कळ कमी होईल.

त्यासाठी सर्वांत आधी उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मागवाव्यात. मंडळाच्या संकेतस्थळावरून हा अर्ज करता येतो; त्याची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते आणि छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची लेखी परीक्षा 70 गुणांची, तर गणिताची 80 गुणांची असते. उरलेले गुण प्रात्यक्षिक वा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि त्यांना पुनर्मूल्यांकन लागू नाही. छायाप्रत हाती आली की ती त्या विषयाच्या अनुभवी शिक्षकाला दाखवावी आणि तपासायचा राहून गेलेला प्रश्न, चुकलेली बेरीज किंवा कमी दिलेले गुण खरोखर दिसले तरच पुढे जावे, कारण पुनर्मूल्यांकनात गुण घटूही शकतात.

त्यातून काही निघाले नाही, तर मंडळाची श्रेणी व गुणसुधार योजना आहे. सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला या योजनेखाली लगतच्या तीन परीक्षांत पुन्हा बसण्याची संधी मिळते आणि त्यातली पहिली पुरवणी परीक्षेची असते. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करावा लागतो, म्हणून तेथे लगेच चौकशी करावी. 2025 मध्ये पुरवणीचा निकाल जुलैअखेर लागला होता. सुधारित गुणपत्रिका कॅपच्या कागदपत्र पडताळणीच्या मुदतीत मिळाली तरच ती यंदा उपयोगी पडेल, एरवी पुढच्या वर्षी सीईटी पुन्हा द्यावी लागेल. माझ्या मते त्यात नुकसान नाही. सीईटीच्या 200 गुणांपैकी 100 एकट्या गणिताचे असतात, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि सुमारे 80 टक्के प्रश्न बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात, म्हणजे नेमक्या ज्या वर्षाचा अभ्यास आजारपणात बुडाला त्यावर. तेव्हा निरोगी वर्षात 83 पर्सेंटाइल बरेच वर जाऊ शकतात. वर्ष मोकळे ठेवायचे नसेल, तर बारावी विज्ञानानंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हाही चांगला पर्याय आहे.

आपण विचारले नाही, पण स्थलांतराचा खरा फटका येथे बसू शकतो. राज्याच्या कोट्यात 'अ' प्रकारात बसण्यासाठी दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावे लागते. मुलीची दहावी इंदूरची असल्याने ती या प्रकारात येत नाही. यजमान केंद्र सरकारच्या किंवा त्याच्या उपक्रमाच्या नोकरीत बदलून आले असतील तर वेगळा प्रकार आहे, एरवी तिला 'ब' प्रकारातून अर्ज करावा लागेल आणि त्यासाठी तिचे स्वतःचे किंवा आईवडिलांपैकी एकाचे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र लागेल. ते तहसील कार्यालयातून मिळते आणि जुने पुरावे गोळा करण्यातच बराच वेळ जातो. आपले किंवा यजमानांचे जन्म, शालेय शिक्षण, वास्तव्य यांचे महाराष्ट्रातील दाखले असल्यास आजच शोधायला घ्यावेत, कारण तशी नोकरी नसेल आणि हे प्रमाणपत्रही नसेल, तर दोन गुण मिळवूनही राज्याच्या कोट्यातील जागेवर तिचा हक्क राहणार नाही.

क्षयरोगाबद्दल म्हणाल, तर कॅपच्या अर्जात तो कोणी विचारत नाही, त्यामुळे तेथे सांगण्याचा किंवा लपवण्याचा प्रश्न येत नाही. काही खासगी विद्यापीठे मात्र निबंध मागवतात किंवा मुलाखत घेतात. अशोका विद्यापीठात किंवा अझीम प्रेमजी विद्यापीठात विज्ञानाच्या पदवीसाठी अर्ज करण्याचा विचार असेल, तर तेथे हे अवश्य सांगावे, पण चार-पाच वाक्यांत : निदान कधी झाले, किती तास बुडाले, उपचार पूर्ण झाले, आणि त्यानंतर तिने काय केले. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची असल्याने सीईटीचे पर्सेंटाइल तेथे मांडावेत. हा मजकूर तिने स्वतः लिहावा. आईने लिहिलेला परिच्छेद वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतो. वर्ष मोकळे गेले, तर पुढील प्रवेशाच्या वेळी महाविद्यालय शिक्षणातील खंडाबाबत प्रतिज्ञापत्र मागू शकते. त्यात 'वैद्यकीय कारण' एवढे लिहिले तरी सहसा चालते, मात्र उपचार पूर्ण झाल्याचा दाखला फाइलमध्ये जपून ठेवावा.