काचांना फिल्म: २० टक्के घेऊ का ३५?

तुमचा प्रश्न असा की गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते, मागे पोरगं बसतं त्याच्या अंगावर ऊन येतं, आणि दुकानदार म्हणतोय सगळीकडून २० टक्क्यांची टाका, जेवढी काळी तेवढी गाडी गार. मग २० घ्यायची का ३५. मी आजवर तीन गाड्यांना फिल्म लावून घेतलीय आणि पहिलीला अगदी हेच वाक्य ऐकून लावली होती, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

मुळात हा २० आणि ३५ चा आकडा गारव्याचा नाहीच. ती व्हीएलटी, म्हणजे डोळ्याला दिसणारा उजेड काचेतून किती टक्के आत येतो ते. आकडा कमी तेवढी काच काळी, बस. उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा आपल्याला दिसतच नाही, ती इन्फ्रारेड, दिसणारा उजेड चाळीस-पंचेचाळीस टक्के आणि अतिनील किरण जेमतेम ३ टक्के. स्वस्तातली नुसती रंगवलेली फिल्म उजेड कापते पण इन्फ्रारेड बरंचसं आत सोडते, शिवाय जे ऊन अडवते ते स्वतःच शोषून घेते, मग काच तापते आणि तीच काच तुमच्या खांद्याशेजारी शेगडीसारखी बसते. गाडी पळत असेल तर वारा बरीच उष्णता बाहेरच्या बाहेर नेतो, सिग्नलला किंवा पार्किंगमध्ये ते सुख नाही.

तुम्ही विचारायचा आकडा तो टीएसईआर, म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी किती टक्के बाहेर ठेवली. पण इथेही एक गोम आहे, काळेपणा वाढला की उजेड अडल्यामुळे टीएसईआर आपोआप थोडा वाढतो, त्यामुळे दोन फिल्मची तुलना करायची तर एकाच व्हीएलटीच्या दोन समोरासमोर ठेवा. तसं केलंत की कळतं फरक कुठे आहे. चांगली ७० टक्क्यांची सिरॅमिक, म्हणजे सिरॅमिकच्या बारीक कणांनी इन्फ्रारेड अडवणारी फिल्म, जी लावलीय हे पटकन कळतही नाही, आणि साधी रंगवलेली काळीकुट्ट २० टक्क्यांची, या दोघींचा टीएसईआर बऱ्याचदा जवळपास सारखा निघतो. मला हे पहिल्या गाडीच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आता दुकानातला तो बल्बचा खेळ. लाल हीट लॅम्प लावतात, मध्ये फिल्म लावलेली काच धरतात आणि म्हणतात हात पुढे करा. हाताला गार लागतं हे खरंच, पण त्या दिव्यातून मुख्यतः इन्फ्रारेडच निघतं, ऊन तसं नसतं. शिवाय फिल्मने ते परत फेकलं का पोटात घेतलं हे दहा सेकंदांत कळत नाही, पाच मिनिटं तसंच ठेवून मग काचेला हात लावा. आणि '९९ टक्के आयआर रिजेक्शन', म्हणजे इन्फ्रारेड अडवतो, असं लिहिलेलं असेल तर सरळ विचारा कुठल्या तरंगलांबीला मोजलं, कारण उन्हातलं इन्फ्रारेड साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटर एवढं पसरलेलं असतं आणि हातातलं छोटं मीटर बहुधा ९५० च्या आसपास एकाच ठिकाणी मोजतं. आकडा खोटा नसतो, अर्धवट असतो.

दुसरं, काच स्वतःच थोडा उजेड खाते हे लोक विसरतात. कंपनीतून येणारी बाजूची काच साधारण ७० ते ८० टक्के उजेड सोडते. ७५ धरा, त्यावर २० ची फिल्म म्हणजे २० गुणिले पाऊण, हातात राहिले १५. ३५ ची लावली तर साधारण २६. नियम मोजतो तो काच आणि फिल्म मिळून, फिल्मच्या पाकिटावरचा आकडा नाही. देशोदेशी नियम वेगळे, काही ठिकाणी फिल्मलाच परवानगी नाही, पण पुढची काच आणि चालकाच्या दोन्ही बाजूंच्या काचा यांच्यावर बऱ्याच ठिकाणी जास्त कडक नजर असते, संयुक्त राष्ट्रांच्या वाहनकाचांच्या नियमात पुढच्या काचेला किमान ७० टक्के लिहिलंय. तर तुमच्याकडचा नियम आधी बघा, मग दुकानात जा, दुकानदाराच्या 'काही होत नाही हो' वर जाऊ नका, दंड तो भरत नाही.

मागच्या दारांच्या काचा कंपनीतूनच काळ्या असतील तर तेही तपासा. तो रंग काचेतच असतो, आडोशासाठी, त्याने गारवा वाटतो त्यापेक्षा कमीच मिळतो. तिथे वरून काळी लावायची गरजच नाही, ७० ची सिरॅमिक पुरे. पोराच्या कातडीचा प्रश्न त्यातच सुटतो, कारण अतिनील किरणांचे जे दोन प्रकार उन्हातून आपल्यापर्यंत येतात, यूव्हीए आणि यूव्हीबी, त्यातलं यूव्हीबी साध्या काचेतून फारसं येत नाही, बाजूच्या काचेतून यूव्हीए मात्र बऱ्यापैकी येतं, आणि चांगली फिल्म, अगदी जवळजवळ पारदर्शक असली तरी, ९९ टक्के अतिनील थांबवते. पुढची काच दोन थरांची लॅमिनेटेड असते, ती यूव्हीए आधीच जवळपास पूर्ण अडवते. उष्णतेचं मात्र उलटं, ती काच सगळ्यात मोठी आणि तिरकी, ऊन तिथूनच धो धो येतं. नियमात बसत असेल तर फिल्मचा खरा फायदा तिथे, आणि लोक नेमकी तीच सोडून बाजूच्या काचा काळ्या करत बसतात.

रात्रीचं बोलतो, कारण माझी चूक तिथेच झाली. दिवसा २० मस्त दिसते, रुबाबदार. पावसाळी रात्री गल्लीतून रिव्हर्स घेताना साइड मिरर बघायचा तो कशातून? चालकाच्या बाजूच्या काचेतूनच ना. मला आरशात नुसता अंधार दिसला आणि मागे धड्डकन खांब. बंपर गेला, खांबाला काही झालं नाही. त्यानंतर वर्षभर रात्री काच खाली करून पावसात भिजत पार्किंग केलंय. घरातलं वयस्कर माणूस गाडी चालवत असेल तर चालकाच्या दोन्ही बाजूंच्या काचांबाबत अजूनच सांभाळा, वयानुसार अंधारात डोळ्यातली बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही. रस्ता ओलांडणाऱ्याला तुमचा चेहरा दिसणं हेही कामाचं असतं.

प्रकारांबद्दल फार नाही लिहीत. रंगवलेली स्वस्त, काही वर्षांत जांभळी पडते आणि फुगे धरते, माझी पडली. धातूवाली ऊन चांगलं परतवते पण जीपीएस, मोबाइल, टोलचा टॅग यांना त्रास देऊ शकते. कार्बनवाली या दोन टोकांच्या मधली. सिरॅमिक महाग, पण सिग्नलची कटकट नाही. बजेट कमी असेल तर सगळ्या काचांना स्वस्त लावण्यापेक्षा उन्हाच्या दोनतीन काचांनाच चांगली लावा.

लावून झाल्यावर तीनचार दिवस काचा खाली करू नका. आत पाण्याचे बारीक फुगे आणि धूसरपणा दिसेल, घाबरू नका, दोनतीन आठवड्यांत वाळतं. धुळीचे दाणे अडकले असतील तर ते मात्र कधीच जात नाहीत, तेव्हाच दाखवा. अमोनियावाला ग्लास क्लीनर वापरू नका.

आणि अपेक्षा नीट ठेवा, दिवसभर उघड्यावर उभी गाडी कुठलीही फिल्म लावली तरी तापणारच, एसी लवकर पकड घेतो एवढंच, उभ्या गाडीला पुढच्या काचेमागे चकचकीत सनशेड लावा, तो स्वस्तात बरंच काम करतो. पोराला आत ठेवून 'फिल्म आहे ना' म्हणून पाच मिनिटंसुद्धा खाली उतरू नका.

तुमच्या जागी मी असतो तर पुढे आणि चालकाच्या दोन्ही बाजूंना ७० ची सिरॅमिक, मागच्या दारांना साध्या काचा असतील तर ३५, आणि सगळ्यात मागच्या काचेला ५० च्या खाली गेलो नसतो. अर्थात हे सगळं नियमात बसत असेल तरच. त्या मागच्या काचेवर जुनी फिल्म असेल तर ती ब्लेडने खरवडू देऊ नका, वाफ देऊन हळूहळू सोलायला सांगा, नाहीतर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारा फिल्मबरोबर निघून येतात.