थकवा आला, तर शेजारप्रीती आटली का?

“शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा असताना ‘आता माझ्याने होत नाही’ असे म्हणणे पाप आहे का?” हा प्रश्न ख्रिस्ती कुटुंबांतून मला वारंवार विचारला जातो. सोलापुरातील एका परिचारिकेने तो विचारला, त्याची हकिकत ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते.

तिच्या शेजारी पूर्वभागात जन्मभर विड्या वळलेल्या एक तेलुगूभाषक वृद्धा एकट्या राहत. मुलगा कामासाठी भिवंडीला. तंबाखूच्या धुळीत आयुष्य गेलेल्या या अम्मांना रात्री धाप लागे आणि त्या हिचे दार ठोठावत. दिवसभराच्या पाळीनंतर रोजच्या जागरणाने थकलेल्या या बाईंनी एका रात्री दिवा मालवून दार उघडलेच नाही, आणि त्या रविवारपासून आपण अपात्र आहोत असे मानून प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधील भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीला, पुढे जाणे सोडले.

मी तिच्यासोबत बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील 10वा अध्याय वाचला. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नावर येशू त्यात लुटारूंनी जखमी केलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या एका शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परक्या वाटणाऱ्या समाजातील, माणसाची गोष्ट सांगतो. उपदेशांत बहुधा शोमरोन्याने जखमा बांधल्या तेथवरच सांगितले जाते, याची मला खंत वाटते; कारण पुढे तो जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी रक्षकाला दोन दीनार, म्हणजे त्या काळची मजुराची साधारण दोन दिवसांची मजुरी, देतो, अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन असे सांगतो आणि आपल्या वाटेने जातो. काळजीचा भार दुसऱ्याच्या हाती सोपवूनही येशूने त्यालाच शेजारी ठरवले, हे वाचून ती बराच वेळ रडली.

“ताई, अम्मांना नेमके काय हवे, हे तुम्ही त्यांना विचारले आहे का?” असे मी विचारले. तिने विचारले नव्हते. विचारल्यावर कळले, की धापेपेक्षा एकटेपणी मरण येईल ही धास्ती मोठी होती. मग मुलाने रोज रात्री फोन करायचा, समोरच्या मुस्लिम कुटुंबातील सुनेने संध्याकाळचे औषध पाहायचे आणि छातीच्या डॉक्टरांकडे या परिचारिकेने घेऊन जायचे, असे ठरले. धाप वाढली, तर दार केव्हाही ठोठावावे, हेही तिने अम्मांना स्पष्ट सांगितले.

ती पुन्हा प्रभुभोजनाला जाऊ लागली आहे. दार न उघडलेल्या त्या रात्रीबद्दल मात्र अम्मांशी तिचे बोलणे अजून झालेले नाही, आणि ते कसे करावे यावर आमच्या भेटी चालू आहेत.