मुख्य सिनेमाआधीची वीस मिनिटं

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. १९५०-६० च्या सुमाराच्या सिनेमाच्या जाहिरातींत ‘सोबत समाचारचित्र’ असं छापलेलं तुम्ही पाहिलंत, तर ते काय असायचं? आणि अमेरिकेत एका तिकिटात दोन सिनेमे, कार्टून, बातमीपट असा भरगच्च कार्यक्रम मिळायचा, तसा आपल्याकडे मिळायचा का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही, मिळायचा नाही. आपला एकच सिनेमा त्यांच्या दोनांएवढा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि सेकंदाला २४ चौकटी पडद्यावर जातात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हॉलिवूडचा साधा चित्रपट दीड तासाचा, आठ हजार फुटांच्या आसपास. जोडीला लावायचा स्वस्तातला ‘बी’ सिनेमा तासा-सव्वातासाचा. दोन्ही मिळून झाले अडीच-पावणेतीन तास. आमच्या इंदूरला लागणारा हिंदी सिनेमा एकटाच चौदा-पंधरा हजार फूट असे. तीन, सहा आणि नऊ असे तीन खेळ, मध्ये हॉल रिकामा करून झाडायचा. त्यात दुसरा सिनेमा घुसवणार कुठे?

मध्ये एकदा सरकारनेच हिंदी सिनेमाला कात्री लावली होती. महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाली, तेव्हा १९४३ मध्ये चित्रपटाला ११,००० फूट आणि ट्रेलरला ४०० फूट अशी मर्यादा घातली. ११,००० फूट म्हणजे जेमतेम दोन तास. युद्ध संपलं, निर्बंध गेले आणि सिनेमे पुन्हा पूर्वीसारखे ऐसपैस झाले. १९६४ चा ‘संगम’ तर चार तासांच्या घरात गेला आणि त्याला दोन इंटरव्हल द्यावे लागले. माझ्या मते दोन तासांत आटोपणं आपल्या प्रेक्षकाला कधी रुचलंच नसतं. पैसे दिलेत तर संध्याकाळ भरली पाहिजे, हा हिशेब घरोघरी होता.

आता समाचारचित्र, म्हणजे बातमीपट किंवा न्यूजरील. इथे अमेरिकेचा आणि आपला रस्ता अगदी वेगळा आहे. तिकडे छोटी रिळं हा स्टुडिओंचा माल होता. मोठ्या नटाचा सिनेमा हवा तर आमचं कार्टून, आमचा बातमीपट आणि चार पडेल सिनेमेही घ्या, अशी गठ्ठ्याने विक्री चाले. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या गठ्ठाविक्रीला चाप लावला, पाठोपाठ टीव्ही आला, आणि १९६७ च्या अखेरीस तिथले शेवटचे बातमीपटही बंद पडले. आपल्याकडे छोटं रीळ बाजारातून आलंच नाही, ते हुकमाने आलं. याची सुरुवात इंग्रजांनी केली. १९४३ मध्ये भारत संरक्षण नियमांत ४४-अ हा नियम घालून थिएटरांनी प्रत्येक खेळाला सरकारमान्य फिल्म दाखवलीच पाहिजे असं ठरवलं. त्यात युद्धाचा प्रचार भरपूर. स्वातंत्र्य जवळ आल्यावर ती यंत्रणा मोडीत निघाली, पण १९४८ मध्ये आपल्याच सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजन हा सरकारी फिल्म काढणारा विभाग उभा केला आणि सक्तीची कल्पना जशीच्या तशी उचलली. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात कलम १२(४) मध्ये ती आहे: शास्त्रीय, शैक्षणिक, बातम्यांच्या आणि माहितीपर फिल्मना पुरेशी संधी मिळावी म्हणून सरकार परवानाधारकांना आदेश देऊ शकतं. थिएटरचे परवाने राज्यांच्या अखत्यारीत, म्हणून राज्यांनीही आपापल्या कायद्यांत तशीच तरतूद केली. व्यवहारात अर्थ एवढाच की प्रत्येक खेळाला २,००० फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म लावायची. ९० ने भागा, बावीस मिनिटं होतात.

आणि ती फुकट नसे बरं का! टॉकीजच्या मालकाला तिचं भाडं भरावं लागे. न मागितलेल्या मालाचे पैसे द्यायचे म्हटल्यावर मालक कुरकुरणारच. ती कुरकुर अनेक दशकं चालली, कोर्टात गेली, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्ती वैध ठरवली.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्ष हॉलमध्ये काय व्हायचं ते सांगतो, कारण माझे मामा इथल्याच एका टॉकीजमध्ये ऑपरेटर, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारे, होते आणि सुट्टीत मला केबिनमध्ये बसायला मिळे. इंदुरात टॉकीजचं महत्त्व केवढं, तर रीगल आणि मधुमिलन हे चौक टॉकीजच्याच नावाने ओळखले जातात.

आधी स्लाइडा. काचेच्या. सराफ्यातला एखादा दागिनेवाला, कापडवाला, चहाचा ब्रँड, ‘धूम्रपान करू नये’, ‘पुढील आकर्षण’. तातडीची स्लाइड मामा स्वतः बनवायचे: काचेवर काजळी धरायची आणि टाचणीने अक्षरं कोरायची. अमुक डॉक्टरांना ताबडतोब घरी बोलावलं आहे, असा निरोप पडद्यावर झळकला की सगळा हॉल माना वळवून कोण उठतंय ते बघे. मग एखाददुसरी जाहिरातफिल्म, ट्रेलर, त्यानंतर समाचारचित्र आणि माहितीपट, म्हणजे त्या आठवड्याला जे वाट्याला आलं असेल ते. क्वचित इंटरव्हलनंतर ट्रेलर. समाचारचित्र दर आठवड्याला नवं निघे आणि आमच्याकडे हिंदीच लागे. रविवारी सकाळच्या खेळाला मराठी सिनेमा असला, निम्मा हॉल रामबाग-नारायणबागेतल्या मराठी मंडळींनी भरलेला असला, तरी आधी निवेदकाचा तोच गंभीर हिंदी आवाज.

‘नवं’ हा शब्द मात्र जपून घ्या. प्रिंटा, म्हणजे फिल्मच्या प्रती, मोजक्या. आधी मोठ्या शहरांतली मोठी थिएटरं, मग उतरत्या क्रमाने बाकीची. त्यामुळे आमच्यापर्यंत बातमी शिळी होऊन यायची आणि तालुक्याच्या टॉकीजला तर ती इतिहास म्हणूनच पोचायची. पंतप्रधान परदेशातून परत येऊन पुन्हा दुसऱ्या दौऱ्यावर गेलेले असत आणि इकडे पडद्यावर ते अजून विमानाच्या शिडीवरून हात हलवत असत. ‘नई दुनिया’ हा आमचा पेपर सकाळीच वाचलेल्या माणसाला त्यात कळण्यासारखं काही नव्हतं. बघण्यासारखं मात्र होतं. टीव्ही नव्हता, रेडिओवर नुसता आवाज. भाक्रा धरणाची भिंत केवढी, भिलाईच्या पोलाद कारखान्याची भट्टी कशी पेटते, हे डोळ्यांनी दिसण्याची दुसरी जागाच नव्हती.

क्रिकेट आलं तर विचारूच नका. हे होळकरांचं गाव, सी. के. नायडू आणि मुश्ताक अली इथले. होळकर संघाने रणजी करंडक चारदा जिंकलेला. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा सलामीला मुश्ताक अलीच होते. समाचारचित्राच्या शेवटी कसोटीचे जे दोन-चार चेंडू दिसत, त्यासाठी वेळेवर येऊन बसणारे लोक मी पाहिलेत. मामा सांगायचे, मुख्य सिनेमा पडेल असला की केबिनच्या खिडकीशी येऊन माणसं विचारत, “आज उसमें क्रिकेट है क्या?”

बाकी वेळी पब्लिक काय करे? मिलच्या पाळीतून सुटून आलेली मंडळी पुढच्या बाकांवर बसत. शेतीची, खतांची किंवा मधमाश्यांची फिल्म सुरू झाली की अंधारातून आरोळी येई, “अरे भिया, असली पिक्चर लगाओ!” पुढे साठीच्या दशकात कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण पडद्यावर यायला लागला, तेव्हा माझी आत्या हमखास पिशवीत काहीतरी शोधायला लागे आणि ते त्रिकोण जाईपर्यंत तिला सापडत नसे. पोरांची चंगळ कार्टून असलं तर. फिल्म्स डिव्हिजनने पन्नाशीच्या दशकात आपला कार्टून विभाग काढला, डिस्नेकडे काम केलेल्या क्लेअर वीक्स यांना इथल्या लोकांना शिकवायला बोलावलं. पण कार्टून क्वचितच वाट्याला येई, धरणं वारंवार.

मला यात खरं गमतीचं वाटतं ते वेगळंच. ती वीस मिनिटं सरकारने स्वतःसाठी राखून ठेवली होती, पण वापरली सगळ्यांनी, आपापल्या कामासाठी. मालकाची तिकीटखिडकी तोवर उघडी राही. घरून निघायला उशीर झालेल्यांना अर्धा सिनेमा चुकल्याची हळहळ नसे, ‘अजून न्यूजरीलच चालू असेल’ म्हणत लोक टांगा निवांत आणत. डोअरकीपर बॅटरी घेऊन खुर्च्या दाखवी, बायका पोरांना मांडीवर घेऊन सावरून बसत, शेंगदाण्यांची पुडी फुटे.

ऑपरेटरला तर ते वरदान. तेव्हा दिवा नव्हता, कार्बनच्या दोन कांड्यांमधली ठिणगी हाच दिवा. कांड्या जळून झिजत, मधलं अंतर सारखं राखावं लागे, नाहीतर पडदा पिवळा पडे. खेळाच्या सुरुवातीला प्रकाश स्थिर व्हायला, फोकस बसायला, आवाज हॉलच्या गर्दीप्रमाणे वरखाली करायला थोडा वेळ लागतोच. तो वेळ मामा सरकारी फिल्मवर काढायचे. एखाद्या मंत्र्याचं डोकं क्षणभर पुसट दिसलं तर कोणी शिट्टी मारत नाही, नायिकेचं दिसलं तर केबिनवर चपला येतात.

त्याहून मोठा उपयोग जोडीच्या प्रिंटला. हे आजच्या पिढीला सांगावंच लागतं. वितरणाच्या नकाशात इंदूर ‘सी. पी. – सी. आय.’ या मुलखात येतं, म्हणजे जुना मध्य प्रांत-वऱ्हाड आणि मध्य भारत. भुसावळ, अमरावती, इंदूर ही त्यातली व्यापाराची गावं. प्रिंटा पत्र्याच्या पेट्यांतून रेल्वेने यायच्या. कधी दोन टॉकीजनी मिळून एकच प्रिंट घेतलेली असे. पहिल्या टॉकीजला रीळ संपलं की पोरगा ते पिशवीत घालून सायकलवरून दुसऱ्या टॉकीजला पळवी. म्हणजे दुसरीकडचा सिनेमा मुद्दाम उशिरा सुरू करावा लागे. मग तिथे काय चाले? स्लाइडा सावकाश, दोन ट्रेलर, समाचारचित्र, माहितीपट, गरज पडली तर मागच्या आठवड्याचाही. पोरगा आला की असली पिक्चर! सायकल पंक्चर झाली तर? मग बत्त्या लागायच्या आणि लेमन-सोडावाल्याचा धंदा व्हायचा.

उलट प्रकारही होई. सिनेमा फार लांब, रात्रीचा खेळ, कामगारांना घरी जायची घाई. मग सरकारी फिल्म गुपचूप गाळली जाई किंवा तिच्यातलं एखादंच रीळ चालवलं जाई. तपासणीला कोणी आलंय असं कळलं की मात्र पूर्ण बावीस मिनिटं, तीही चोख फोकसमध्ये.

अमेरिकन कार्यक्रमाशी थोडं साम्य सापडेल ते इंग्रजी सिनेमाच्या खेळांत. त्याचं फुटेज कमी, म्हणून कार्टूनला जागा उरे. पण तिथेही दोन सिनेमे एका तिकिटात नव्हते. आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर खेळाच्या शेवटी तिरंगा आणि राष्ट्रगीत दाखवू लागले, तेव्हा कार्यक्रमाला शेपटीही जोडली गेली. नायक-नायिका एकत्र आले की लोक दाराकडे सरकायला लागत, म्हणून ते पुढे मागे पडलं.

तुम्ही जुन्या जाहिराती चाळताच आहात, तर एक युक्ती सांगतो. १९५१ नंतरच्या कोणत्याही भारतीय सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र असतं, त्यावर रिळांची संख्या आणि लांबी लिहिलेली असते. जुन्यात ती फुटांत असेल. तिला ९० ने भागा, त्यात बावीस मिनिटं, इंटरव्हलची दहा-पंधरा मिनिटं आणि स्लाइडांची थोडी मिळवा, आणि जाहिरातीतल्या खेळांच्या वेळांशी ताडून बघा. तीन, सहा, नऊ या वेळांत बेरीज बसत नसेल, तर त्या टॉकीजने समाचारचित्र छापलं असलं तरी रात्रीच्या खेळाला पूर्ण दाखवलं असेल याची मी खात्री देणार नाही.