बाळ दूध टाकतंय? आधी वजन बघ

अगं, घाबरू नकोस. माझा थोरला तीन महिन्यांचा असताना खानापूरहून बेळगावला पोचेपर्यंत माझा पदर दोनदा भिजवायचा!

पहिल्या ३ महिन्यांत जवळपास निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं, वर्षाचं होईतो बहुतेकांचं थांबतं. अन्ननलिकेच्या तळाची झडप अजून कच्ची असते, एवढंच. बाळ हसतंय, वजन वाढतंय, तर तो आजार नव्हे. अंगणवाडीत वजन करून तायी कार्डावर (आपल्या कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड) लिहून घे.

पोटातलं वर येऊन त्रास होण्याच्या आजाराचा (जीईआरडी) धोका जास्त कुणाला? अपुऱ्या दिवसांच्या बाळांना, सेरेब्रल पाल्सीसारखा मेंदूचा, हालचालींवर परिणाम करणारा त्रास असलेल्यांना, अन्ननलिकेचं जन्मजात व्यंग असलेल्यांना. मोठ्या मुलांत लठ्ठपणामुळेही.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- तोंड फिरवलं तरी पाजत राहणं. थोडं थोडं पाज, मग खांद्यावर धरून ढेकर काढ.
- दूध बाहेर येईल म्हणून पालथं झोपवणं. उताणंच झोपव, सपाट जागेवर.
- मध, घुटी, नाहीतर आजोबांचं ॲसिडिटीचं औषध. सासूबाई रागावल्या तरी नाही म्हण. (माझ्या आठवडाभर बोलल्या नव्हत्या.)
- अंगावरचं दूध तोडणं.

हिरवी किंवा रक्ताची उलटी, दर वेळी पिचकारीसारखी उलटी, दूध नाकारणं, वजन न वाढणं, यातलं काही दिसलं तर बाळाला लगेच डॉक्टरांकडे ने. हिरवी किंवा रक्ताची असेल तर रात्र असली तरी थांबू नकोस. यातलं काहीच नसेल तर गोळ्या-तपासण्यांचं आत्ता डोक्यात घेऊ नकोस.