थेट शेतकऱ्याकडून घेतो, मग स्वस्त का नाही?

शेतकरी आठवडे बाजारातला टोमॅटो मंडईच्याच भावाने मिळाला, मग दलालाचे वाचलेले पैसे गेले कुठे, असं तुम्ही विचारलंय. दलाल गेला, पण त्याचं काम राहिलंच ना! ते शेतकऱ्याच्या अंगावर आलं.

नारायणगावच्या घाऊक बाजारात टोमॅटो क्रेटवर विकतात, क्रेट साधारण 20 किलोचं. समजा, क्रेटला 200 रुपये मिळाले, म्हणजे किलोला 10. त्यातून तोडणीची मजुरी, टेम्पोचं भाडं, हमाली वजा करा. उरेल त्यात रोपं, मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद), बांबू, तार, सुतळी आणि औषधं बसवायची. (अडत, म्हणजे दलालाचं कमिशन, 2016 पासून खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम झाला, तेवढंच ओझं कमी.) भाव फारच पडला की तोडणीसुद्धा परवडत नाही.

आता तोच माणूस पुण्यात येऊन किलोने विकतो. टेम्पो त्याचा, दिवसभर उभं राहणारी घरची दोन माणसं त्याची, आणि आपण दाबून दाबून निवडल्यावर मागे उरलेला मऊ माल पण त्याचाच. पालेभाजीत तर जास्तच. संध्याकाळी कोमेजलेली मेथी परत गावी नेऊन करणार काय? म्हणून खपलेल्या जुडीतच न खपलेल्या जुडीचे पैसे काढावे लागतात.

हमीभाव सुचवणाऱ्या केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाच्या हिशेबात रोख खर्च म्हणजे ए2. घरच्यांची मजुरी धरली की ए2 अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड (म्हणजे भाडं) आणि भांडवलावरचं व्याजही धरलं की सी2. स्टॉलवर 'एवढ्यात सुटतं आम्हाला' म्हणणारा माझ्या मते बहुतेक वेळा पहिलाच हिशेब सांगत असतो. बायकोने महिनाभर केलेली खुरपणी त्यात नसते.

थेट खरेदीचा खरा फायदा हवा असेल तर तांदूळ घ्या. मावळ, मुळशी, भोरकडची इंद्रायणी दिवाळीच्या आसपास निघते. तीन-चार घरांनी मिळून वर्षाची पोती एकदम उचलली तर शेतकऱ्यालाही परवडतं. फक्त भाताचा, म्हणजे टरफलासकट दाण्याचा, भाव ऐकून तांदळाचा ठरवू नका: 100 किलो भात भरडला की साधारण 60-65 किलोच तांदूळ हाती येतो.

आणि हो, एकाच टेबलावर पुरंदरचे अंजीर आणि सिमल्याची सफरचंदं दिसली, तर माल मार्केट यार्डातून आलाय समजा. तिथे खुशाल घासाघीस करा.