वाचकांचे प्रश्न : सत्तावीस देशांचा एकत्र कारभार

प्रश्न : युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायेन यांचे नाव रोज बातम्यांत असते. मग कोटीभराहूनही कमी लोकसंख्येचा हंगेरी सगळ्या संघाला कसा काय अडवू शकतो? (राज्यशास्त्राचे विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : आयोगाचे अध्यक्षपद म्हणजे पंतप्रधानपद नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. आयोगात प्रत्येक देशाचा एक असे 27 सदस्य असतात आणि त्यांची नावे त्या त्या देशाचे सरकार सुचवते. अध्यक्षांच्या हाती उरते ते मुख्यतः खातेवाटप. 18 जुलै 2024 रोजी फॉन डेर लायेन 720 जागांच्या युरोपीय संसदेत 401 मते मिळवून दुसऱ्यांदा निवडून आल्या. तेव्हा सदस्य 719 असल्याने 360 मते आवश्यक होती, म्हणजे आधार पुरेसा असला तरी भक्कम नव्हे. आयोग कायद्याचा मसुदा मांडतो, पण तो मंजूर करतात संसद आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद. त्याशिवाय राष्ट्रप्रमुखांची व पंतप्रधानांची वेगळी परिषद आहे आणि तिचे अध्यक्ष आंतोनियु कोश्ता आहेत.

बहुतेक विषयांत 27 पैकी 15 देश आणि संघाच्या लोकसंख्येचा 65 टक्के भाग अनुकूल असला की निर्णय होतो. मात्र परराष्ट्र धोरण, करआकारणी, नव्या सदस्याचा प्रवेश आणि अनेक वर्षांचा अर्थसंकल्प या बाबींत एकमत लागते. डिसेंबर 2023 मध्ये युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करण्याचा विषय निघाला, तेव्हा हंगेरीचे तत्कालीन पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान सभागृहाबाहेर गेले आणि उरलेल्या 26 जणांनी निर्णय घेतला. त्याच बैठकीत युक्रेनला 50 अब्ज युरोंची मदत देण्याचा प्रस्ताव मात्र त्यांनी रोखून धरला. पुढे 1 फेब्रुवारी 2024 रोजी तो मार्गी लागला. अशा संघात नेतृत्वाचा कस भाषणात लागत नाही; नकार देणाऱ्याला तोंडघशी न पाडता त्याचा नकार बाजूला कसा ठेवायचा, यात तो लागतो.

त्याहून मोठी अडचण पैशाची आहे, आणि आपल्याकडील चर्चेत ती फारशी येत नाही म्हणून थोडे सविस्तर लिहितो. संघाचा वार्षिक अर्थसंकल्प सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का इतकाच असतो. आपल्या केंद्र सरकारप्रमाणे आयकर बसवून तिजोरी भरण्याचा अधिकार संघाला नाही. त्या तुटपुंज्या रकमेतला जवळपास एक तृतीयांश भाग शेतीवर जातो. दुसरीकडे, इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांनी सप्टेंबर 2024 मध्ये दिलेल्या अहवालात युरोपला स्पर्धेत टिकायचे तर दरवर्षी 750 ते 800 अब्ज युरोंची जादा गुंतवणूक लागेल, असे सांगितले. युक्रेनच्या युद्धामुळे संरक्षणाचा खर्चही दारात उभा आहे. जुलै 2025 मध्ये आयोगाने 2028 ते 2034 साठी सुमारे दोन लाख कोटी युरोंचा अर्थसंकल्प सुचवला आणि त्यात शेतीचा व मागास प्रदेशांचा निधी प्रत्येक देशाच्या एकाच आराखड्यात गुंफण्याची कल्पना मांडली. आपला हक्काचा पैसा दुसरीकडे वळवला जाईल, अशी धास्ती शेतकऱ्यांनी घेतली. ऊसदरासाठी रस्त्यावर बसलेल्या चिकोडी-रायबागच्या वाचकांना ही धास्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : आमच्या घरी आलेली सरकारी नोटीस केवळ कन्नडमध्ये असते. माझ्या सासूबाई ती शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घेतात. युरोपीय संघात 24 भाषा समान मानल्या जातात, असे वाचले. तशी व्यवस्था असती तर सीमाभागातील मराठी माणसाला न्याय मिळाला असता का? (एक शिक्षिका, खानापूर)

उत्तर : हे पत्र मी दोनदा वाचले. उत्तर मनाला लागणारे असले तरी ते स्पष्टच दिले पाहिजे : नाही. 24 अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत नागरिकाने संघाच्या संस्थांना पत्र लिहिले, तर त्याच भाषेत उत्तर मिळण्याचा त्याला हक्क आहे. जेमतेम पाच लाख लोकांच्या माल्टी भाषेलाही तो आहे. परंतु स्पेनमधील लक्षावधी लोकांच्या कातालान भाषेला तो नाही. तिला अधिकृत दर्जा मिळावा म्हणून स्पेनने 2023 मध्ये मागणी केली. पण त्यासाठीही एकमतच लागते. म्हणजे मान मिळतो तो देशाच्या शिक्क्याला, बोलणाऱ्यांच्या संख्येला नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी कायदा करावा, असा अर्ज अकरा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्यांनिशी आयोगाकडे गेला होता. जानेवारी 2021 मध्ये आयोगाने नवा कायदा आणण्यास नकार दिला.

आपल्या स्थितीशी जवळचे उदाहरण इटलीतील दक्षिण टिरोलचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मनभाषक मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. 1946 मध्ये दोन्ही देशांत करार झाला, 1972 मध्ये स्वायत्ततेचा विस्तृत कायदा झाला आणि 1992 मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवले. आज तिथे जर्मन शाळा आहेत, कार्यालयांत जर्मनला इटालियनच्या बरोबरीचे स्थान आहे आणि सरकारी नोकऱ्या भाषागटांच्या प्रमाणात दिल्या जातात. ऑस्ट्रिया संघात आला तो त्यानंतर, 1995 मध्ये. हे सारे मिळाले ते ज्या राज्यात ती माणसे राहतात त्या राज्याच्या कायद्याने, शेजारी राष्ट्राच्या चिवट पाठपुराव्याने.

बेळगावचा दावा महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला आणि तो चालू राहिलाच पाहिजे, असे माझे मत आहे. मात्र सासूबाईंच्या हातातली नोटीस त्या निकालाची वाट पाहू शकत नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद राज्यघटनेत 1956 मध्येच, 350 ब या कलमाने आली. त्या अधिकाऱ्याला आदेश काढता येत नाही. तो राष्ट्रपतींना अहवाल देतो आणि तो अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. नोटिशीची प्रत जोडून त्याच्याकडे लेखी तक्रार करावी, म्हणजे निदान कागदावर नोंद राहील.

प्रश्न : उद्यमबागेत माझी छोटी फाउंड्री आहे. जर्मन ग्राहक आता कार्बनचा हिशेब मागतो. परराष्ट्र धोरणात अडखळणारा संघ हे इतक्या लवकर कसे लागू करतो? (एक उद्योजक, बेळगाव)

उत्तर : कारण व्यापार आणि जकात हे अधिकार सदस्य देशांनी संघाच्या हाती पूर्णपणे सोपवले आहेत आणि माल बनवताना किती कार्बन हवेत गेला त्यानुसार आयातीवर आकार लावणारा हा नियमही बहुमताने संमत झाला, एकट्या देशाला तो रोखता आला नसता. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन यांच्या आयातीला तो लागू आहे. ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती द्यावी लागत होती. 1 जानेवारी 2026 पासून आयातदारावर पैशाची जबाबदारी आली आहे. लोखंडाची प्रत्येक वस्तू यात येत नाही, म्हणून आधी आपल्या कास्टिंगचा जकात-क्रमांक ग्राहकाकडून लेखी मागवावा. तो यादीत असेल तर प्रत्येक दिवशी भट्टीत किती कोक आणि किती पिग आयर्न गेले, याची वही आजच सुरू करावी. स्वतःच्या नोंदी नसतील तर संघाने ठरवलेले ठोकळ आकडे धरले जातात आणि ते सहसा प्रत्यक्षापेक्षा चढेच असतात.